तेदाल्दाची पाचवी ओळ

मोंतेस्पीनाची भट्टी गावाच्या खालच्या वेशीला लागून आहे, आणि एकवीस वर्षं तिची किल्ली तेदाल्दाच्या कमरेला होती. गावातल्या प्रत्येक घरची मळलेली कणीक तिच्याकडे यायची. कुणाच्या गोळ्यावर क्रूस ओढलेला, कुणाच्या गोळ्यावर दोन बोटांचे खड्डे, कुणी कात्रीने कडेला कान कापलेले. आत गेलेला पाव बाहेर येताना फुगतो, तडकतो, खुणा पसरतात. पण तेदाल्दाने एका घरचा पाव दुसऱ्या घरी कधी दिला नाही. उजवी भुवई तिला नव्हती. भट्टीने एकदा खाल्ली, ती पुन्हा उगवली नाही. त्यामुळे ती कुणाकडे बघायची तेव्हा तिचा अर्धा चेहरा रागावलेला आणि अर्धा नुसताच विचारात असल्यासारखा दिसायचा. बिशपची स्वारी गावात आली तेव्हा सगळे गुडघ्यांवर गेले, आणि ही हातात लांब दांड्याची फळी घेऊन भट्टीच्या तोंडाशी उभीच. कुणी टोकलं तर म्हणाली, "आत चाळीस पाव आहेत. मी वाकले तर ते जळतील."

तिला अक्षर येत नव्हतं. पण भट्टीपाशी बायका पाव व्हायची वाट बघत बसतात, आणि वाट बघणाऱ्या बायका गातात. तेदाल्दाने जे ऐकलं ते तिच्यात राहिलं.

आमच्याकडे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले की दर शुक्रवारी दुपारच्या प्रार्थनेनंतर चर्चपुढच्या चौकात पापपुण्याचं गाणं होतं. सात पापं, आणि प्रत्येकासमोर उभं केलेलं एक पुण्य. गर्वासमोर नम्रता, मत्सरासमोर दया, खादाडपणासमोर संयम, असं. चर्चच्या बंधुमंडळाचे लोक करड्या झग्यांत रांगेने उभे राहतात, एक जण कडवं म्हणतो, आणि सगळा चौक पालुपदाने साथ देतो. पालुपद असं आहे:

दिव्यात आहे तेल तोवर, माणसा, जागा राहा;
दाराशी कोण उभे आहे, उठून पाहा.

हे पालुपद कुणी रचलं ते आम्हाला माहीत नाही आणि त्याला कुणी हात लावत नाही. कडवी मात्र बदलतात. पायरी झिजते तसं कडवं झिजतं. ज्याच्यावरून ते रचलं तो माणूस विसरला जातो, टोमणा बोथट होतो, लोक जांभया देतात. मग कुणीतरी नवं कडवं रचतो. ते गाण्याच्या वहीत घालायचं की नाही हे ना पाद्री ठरवतो, ना बंधुमंडळ. नवं कडवं शुक्रवारी चौकात म्हणायचं. चौकाने पालुपद उचललं, तर ते कडवं जसं म्हटलं गेलं तसं वहीत उतरायचं आणि पुढे दर वर्षी गायचं. चौक गप्प राहिला, तर ते कडवं तिथेच संपलं.

आणि चौक पालुपद उचलतो तो वळणावर. कडव्याच्या ओळी पाच असतात. चार ओळींत सांगायचं ते सांगून होतं, पाचवी वळते. तिचा शेवट पालुपदाच्या शेवटाशी जुळतो, आणि तो आवाज कानी पडला की, घराकडचा फाटा दिसल्यावर शेळ्या आपोआप तिकडे वळतात, तशी सगळ्यांची तोंडं पालुपदाकडे वळतात. खूण करावी लागत नाही. आईच्या कडेवरचं पोरसुद्धा त्या आवाजावर तोंड उघडतं. आम्ही त्या ओळीला वळणच म्हणतो.

चार ओळी रचणारे गावात पुष्कळ होते. वळण घालणारी एकच होती. पुरुष आपल्या चार ओळी घेऊन भट्टीपाशी यायचे, काहीतरी निमित्त काढून रेंगाळायचे, आणि तेदाल्दा कणकेचे गोळे आत सारता सारता पाचवी ओळ देऊन टाकायची. तिचं नाव वहीत कुठेच नाही. बायकांनी चौकात पालुपद म्हणायचं. कडवं म्हणायचं नाही, हाही रिवाजच.

कडवं म्हणणारा आणि वही सांभाळणारा होता वेंतुरा, कापड रंगवणारा. त्याचे हात कोपरापर्यंत निळे. वहीच्या प्रत्येक पानावर त्याच्या अंगठ्याचा निळा ठसा आहे. एकदा पाद्रीबाबांनी त्याला आळसाचं नवं कडवं करायला सांगितलं. द्राक्षमळ्यातले मजूर भर दुपारी झाडाखाली झोपतात, त्यांना लाज वाटेल असं.

"दुपारी झोपतो तो आळशी?" तेदाल्दा म्हणाली. "पहाटे उठून बघा म्हणावं पाद्रीबाबांना. मजूर कुठे असतात आणि आपण कुठे असतो."

"ताई, मला नुसतं वळण हवंय. भांडण नकोय."

"तुझ्या चारही ओळी ओल्या आहेत, वेंतुरा. आण इकडे, भाजून देते."

त्यातून जे निघालं ते आजही वहीत आहे:

थकून निजला त्याला कोणी आळशी म्हणू नये,
घामाने जी झोप मिळवली, ती कोणी मोडू नये.
आळस बसतो मऊ गादीवर, जळता गोठा बघतो,
'विझेल आपला आपण' म्हणतो, कूस बदलून निजतो.
तो न उठला, त्याचे ओझे आता सारे मिळून वाहा.

पाद्रीबाबांचं तोंड आंबलं. पण चौकाने पालुपद असं उचललं की चर्चवरची कबुतरं उडाली. तेदाल्दा म्हणायची, पाप म्हणजे सैल झगा नव्हे, दिसेल त्याच्या अंगावर टाकायला; पाप मापाने शिवलेलं असतं, ज्याचं त्यालाच बसतं.

तिचा एक भाऊ होता, नुतो. सारना नदीवरच्या लाकडी पुलाचा पहारेकरी. मोठ्या आवाजाचा, मोठ्या हसण्याचा, आणि प्यायचा. तेदाल्दाने हे कधी लपवलं नाही. पुलावर वारा हाडं पोखरतो, आणि त्याच्या पट्ट्याला वाइनची कातडी पिशवी लटकलेली असायची. त्याची बायको घिसोला शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांना नदी दिसते ती पुलावरून, आणि आवाज येतो तो पोटातून."

द्राक्षं खुडायच्या दिवसांत नुतोने पुलाच्या मधल्या तुळईत सुरी खुपसून बघितली. सुरी मुठीपर्यंत आत गेली. पुलाची देखभाल गावाने मायनार्दोकडे सोपवली होती. लोकरीचा व्यापारी, बंधुमंडळाचा प्रमुख, गाव ज्याला मानाने 'सेर' म्हणायचं तो, चौकात चांदीच्या मुठीची काठी धरून सगळ्यांत पुढे उभा राहणारा. नुतो त्याच्या दारी गेला. नोकर म्हणाला, सेर मायनार्दो जेवत आहेत, हंस भाजलेला आहे, उद्या ये. नुतो पुन्हा गेला. पेरुजाहून पाहुणे आले होते, जेवणं चालली होती, उद्या ये. तिसऱ्यांदा गेला तेव्हा नोकर ओठ पुसत बाहेर आला आणि त्याने तोंडही उघडलं नाही, हातानेच 'उद्या' केलं.

हिवाळ्याच्या तोंडावर, संत मार्तिनोच्या सणानंतर पाऊस लागला. नदी तीन दिवस चढत होती. चौथ्या दिवशी दुपारी नुतोने पुलाच्या अलीकडे दोर बांधला आणि कुणाला जाऊ देईना. दोन खेचरवाले त्याला शिव्या देत परत फिरले. एक लग्नाचं वऱ्हाड परत फिरलं. पलीकडून एक म्हातारी डुकरं घेऊन पुलावर चढली. तिला ऐकू येत नव्हतं. नुतो ओरडला, मग धावला, तिला खांद्यावर टाकून अलीकडे आणलं. म्हातारी डुकरांसाठी रडायला लागली. तो डुकरं आणायला परत गेला, तेव्हा मधली तुळई गेली.

दोन दिवसांनी तो खालच्या गिरणीपाशी सापडला. पट्ट्याला पिशवी होती, आणि ती रिकामी होती. मायनार्दोला तेवढं पुरलं. गावसभेत त्याने सांगितलं, पहारेकरी प्यायला होता, पाय घसरला, पडता पडता तुळईला लटकला, म्हणून तुळई मोडली. म्हातारी म्हणाली, मला फक्त डुकरं आठवतात. तेदाल्दा उभी राहिली.

"प्यायला होता," ती म्हणाली. "आणि तुळई त्याच्या आधीपासून कुजलेली होती. दोन्ही खरं आहे."

"पहिलं तू स्वतःच कबूल केलंस," मायनार्दो म्हणाला. सभा हसली. सभेने तसंच लिहून ठेवलं.

हिवाळा गेला. उपासाचे दिवस आले. खादाडपणाचं, आणि पिणंही त्यातच येतं, जुनं कडवं एका कोंबडीचोर साधूवर होतं. तो साधू कोण ते आता कुणालाच आठवत नव्हतं. मायनार्दोने नवं कडवं करायला सांगितलं, आणि ह्या वेळी ते भट्टीपाशी आलं नाही. गावसभेने बोलोन्याहून नवा लेखनिक आणला होता, सेर फाल्कोने. लॅटिन शिकलेला, लग्नकार्यात श्लोक करून देणारा, पातळ बोटांचा तरुण माणूस. कडवं त्याने केलं.

गुरुवारी सकाळी वेंतुरा भट्टीपाशी आला आणि नुसताच उभा राहिला.

"कणीक कुठाय?" तेदाल्दा म्हणाली.

"कणीक नाही आणली."

"मग थोबाड भाजायला आलायस का?"

"ताई, उद्या मला एक कडवं म्हणायचंय. मी नाही म्हणालो होतो. देवाशप्पथ, दोनदा नाही म्हणालो." त्याने निळे हात झग्यात लपवले. "नुतोवर आहे."

तेदाल्दाने फळी बाजूला ठेवली. भट्टी चालू असताना तिने फळी खाली ठेवलेली कुणी बघितली नव्हती.

कडवं ऐकवायला मागोमाग फाल्कोने स्वतःच आला. त्याला तिच्याकडून एक काम हवं होतं. चौकातलं पालुपद बायका उचलतात, बायका भट्टीवालीच्या तोंडाकडे बघतात, हे मायनार्दोला पक्कं ठाऊक होतं.

"मोन्ना तेदाल्दा," तो मोठ्या घरच्या बाईला म्हणावं तसं मानाने म्हणाला, "सेर मायनार्दोंची इच्छा आहे की उद्या बायकांनी जोरात साथ द्यावी. दिवंगताबद्दल मला आदर आहे. पण उदाहरण जवळचं असलं की उपदेश लागू पडतो." आणि त्याने कागद उघडून वाचलं:

पुलावरचा पहारेकरी, पेल्यावरती ज्याचा जीव,
पाय घसरला, नदीत गेला, कोण करील त्याची कीव?
अतिसेवनी बुद्धी जाते, देह होतसे पुरता नष्ट,
संयम ज्याने सोडला त्याचे इह नि परही होते भ्रष्ट.

पाव व्हायची वाट बघत बसलेल्या बायकांनी कोपऱ्याकडे बघितलं. तिथे घिसोला टोपली घेऊन बसली होती. तिने टोपली घट्ट धरली.

"पुढे?" तेदाल्दा म्हणाली.

"पुढे काही नाही. एवढंच आहे."

"ह्याला वळण नाही."

फाल्कोने हसला. "वळण रस्त्याला असतं, बाई. काव्याला वृत्त असतं. मात्रा मोजून बघा, एक कमी नाही की जास्त नाही."

"मोजलेल्या दिसतात."

"तर मग उद्या..."

"उद्या चौक काय करेल ते चौक बघेल."

फाल्कोनेने कागदाची घडी घातली. "भट्टीची किल्ली दर ईस्टरला सभा नव्याने देते, नाही का?"

"एकवीस वेळा दिलीय."

"बावीस हाही चांगला आकडा आहे," तो म्हणाला, आणि झग्याला राख लागू नये म्हणून झगा उचलून धरत निघून गेला.

तो वेशीतून दिसेनासा होताच घिसोला उठली. रडेल असं वाटलं होतं, पण तिच्या डोळ्यांत चमक होती.

"वन्सं, ऐकलंत ना? वळण नाही! तो शिकलेला गाढव वळण घालायलाच विसरलाय. कुणाचं तोंड उघडणारच नाही."

"विसरला नाही. त्याला ठाऊकच नाही."

"तेच ते! आपण फक्त ओठ मिटून उभं राहायचं. पालुपद आलं नाही की कडवं गेलं. यांचं नाव वहीत जाणार नाही. गोष्ट संपली." तिने बाकीच्या बायकांकडे बघितलं. "काय गं? कुणी साथ देणार आहे का?"

"जीभ कापून देईन," एक जण म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेदाल्दाने फळी उचलली आणि पाव काढायला लागली. कडेचे दोन करपले होते. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घिसोलाने ते हो धरलं.

शुक्रवारी ऊन स्वच्छ होतं. चौकात उभं राहायला जागा नव्हती. बातमी वरच्या वस्तीपर्यंत गेली होती. करड्या झग्यांची रांग, पुढे काठी धरून मायनार्दो, त्याच्या शेजारी फाल्कोने, आणि समोर वही घेऊन वेंतुरा. गर्व झाला, नम्रता झाली. मत्सर, दया. क्रोध, सहनशीलता. आळसाच्या कडव्याला चौक नेहमीसारखा गरजला. लोभ झाला. मग वेंतुराने वहीत ठेवलेला सुटा कागद काढला.

त्याने ते वाईट म्हटलं नाही. वेंतुरा कोणतीच गोष्ट वाईट म्हणू शकत नाही. तो त्याच्या घशाचा दोष. पहिल्या ओळीला लोकांनी माना वळवून घिसोलाकडे बघितलं. चौथी ओळ आली. 'भ्रष्ट' हा शब्द चर्चच्या भिंतीला लागून परत आला. आणि मग काही नाही.

आमच्या चौकात अशी शांतता मी दुसरी ऐकली नाही. ठरवून गप्प राहिलेल्या बायका होत्याच, पण पुरुषही गप्प होते, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते वाट बघत होते. पाय उचलावा आणि पायरी नसावी, तसे सगळे अधांतरी. फाल्कोने इकडेतिकडे बघायला लागला. मायनार्दोने काठी फरशीवर आपटली.

"पुन्हा."

वेंतुराने पुन्हा म्हटलं. पुन्हा 'भ्रष्ट', पुन्हा शांतता. कुठेतरी कुणीतरी फिसकन हसलं. फाल्कोनेच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

घिसोलाने तेदाल्दाचा हात दाबला. जिंकलं होतं. आणखी एक श्वास, मग मायनार्दोला काठी उचलून संयमाच्या कडव्याकडे जावं लागलं असतं, आणि नुतोवरचं कडवं ह्या फरशीवरच संपलं असतं. मागे कुणीतरी सुटकेने म्हणालं, "गेलं बुवा. संपला नुतो."

ते तेदाल्दाने ऐकलं.

तिने घिसोलाच्या हातातून आपला हात काढून घेतला. पुढे आली नाही, पायांची जागाही बदलली नाही. जिथे होती तिथूनच, भट्टीच्या धुराने खरखरीत झालेल्या आवाजात तिने म्हटलं:

तीनदा आला सांगत दारी. कोण जेवत होते, पाहा!

आणि सगळा चौक वळला. कुणी विचार केला नाही, करायला वेळच नव्हता. दोनदा अडकवून ठेवलेला श्वास एकदम सुटला. *दिव्यात आहे तेल तोवर, माणसा, जागा राहा.* ओठ शिवायची शपथ घेतलेल्या बायका गायल्या. वरच्या वस्तीतले लोक गायले, कडेवरची पोरं गायली. आणि पहिल्या रांगेत, हातात काठी, मान वर, डोळे मिटून, साठ वर्षांच्या सवयीने सेर मायनार्दोही गायला. *दाराशी कोण उभे आहे, उठून पाहा.* शेवटच्या शब्दावर त्याचे डोळे उघडले. तोंड उघडंच होतं. आपण काय गायलो ते त्याला कळलेलं सगळ्या गावाने बघितलं.

वेंतुराने वही गुडघ्यावर ठेवली, कमरेची दौत काढली आणि तिथेच लिहायला बसला.

"काय करतोयस?" मायनार्दो म्हणाला.

"उतरवून घेतोय, साहेब. चौकाने साथ दिली."

"चार ओळी लिही."

"साथ पाचवीला मिळाली. जसं म्हटलं गेलं तसं लिहायचं असतं."

"बाईने म्हटलेली ओळ वहीत जात नाही!"

"ओळ कुणी म्हटली ते वहीत नसतंच, साहेब. साथ कुणी दिली एवढंच बघायचं." वेंतुराने मान वर केली. "तुम्हीही दिलीत. मी समोरच होतो. तुमची पडजीभ दिसली मला."

आमचा चौक उपासाच्या दिवसांत हसत नाही. त्या दिवशी हसला.

शनिवारी सकाळी मायनार्दोने तेदाल्दाला सभेच्या दालनात बोलावलं. त्याचा आवाज मऊ होता. तिने दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये एवढंच सांगायचं: भावाच्या शोकाने तिचं भान हरपलं होतं, ओळ तोंडून निघून गेली. भान नसलेल्या माणसाचं म्हणणं रिवाजातही धरत नाहीत. ओळ वहीतून खोडता येईल, चार ओळीही खोडू, सगळंच खोडू. किल्ली तिच्याकडेच राहील. फाल्कोने लेखणी बुडवून तयार बसला होता.

"सगळंच खोडणार?" तेदाल्दाने विचारलं.

"सगळंच. तुझ्या भावाचं नाव कुणी घेणार नाही."

"लिहा तर मग," ती फाल्कोनेला म्हणाली. "प्यायलेला तो होता. शुद्धीत मी होते. दोन्ही लिहा."

"बाई, भट्टी जाईल."

"भट्टी कुठे जात नाही. मी जाते." तिने किल्लीची दोरी दाताने तोडली आणि किल्ली मेजावर ठेवली. मेजावर मायनार्दोचा नाश्ता मांडलेला होता, उपासाचा, सुकवलेले अंजीर आणि मध. तिने किल्ली बरोबर मधाच्या वाटीत ठेवली, असं फाल्कोने पुढे स्वतःच सांगायचा. तो नंतर आमच्यातच राहिला, आणि वळण घालायलाही शिकला, बऱ्यापैकी.

भट्टी दुसऱ्या बाईकडे गेली. गावातल्या बायका आपली कणीक तिच्याकडे न्यायला लागल्या. नेणारच, लेकरांना पाव लागतो. तेदाल्दाने कुणाला दोष दिला नाही. ती आपल्या घरी चुलीवर तापलेला दगड ठेवून पातळ रोट भाजायची आणि खेचरवाल्यांना विकायची. चौकात मात्र दर शुक्रवारी त्याच जागी उभी असायची. पाद्रीबाबा तिला म्हणाले, तेदाल्दा, तुझ्यात गर्व आहे. ती म्हणाली, आहे, आणि तो मी कबुलीजबाबात सांगते, पण पश्चात्ताप होतोय असं खोटं सांगू का?

दुखावली ती घिसोला. ती दोन वर्षं तेदाल्दाशी बोलली नाही. मग एकदा दारात येऊन उभी राहिली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली,

"जिंकलं होतं आपण. नुसतं गप्प राहायचं होतं तुम्हाला."

"हो."

"आता दर वर्षी चार ओळी माझ्या नवऱ्याला पेल्यात बुडवतात. भर चौकात. तुमच्यामुळे, वन्सं."

"चार बुडवतात. आणि पाचवीला लोक कुणाकडे बघतात?"

"मायनार्दोच्या घराकडे."

"गप्प राहिले असते तर कुणाकडे बघितलं असतं? कुणाकडेच नाही. नुतो मेला असता आणि त्याच्यावर गावाने एक सुस्कारा टाकला असता, सुटलो म्हणून. मला तो सुस्कारा ऐकवला नाही."

"मला ऐकवला असता," घिसोला म्हणाली, आणि निघून गेली. पण त्यानंतर ती येत राहिली. बोलायची कमी, दगडावरचे रोट उलटायची.

अशी आणखी सात वर्षं गेली. मायनार्दो म्हातारा होऊन वारला. दगडी पूल त्यानेच बांधून दिला, हे सांगायला हवं, आणि चांगला बांधून दिला. एका उपासकाळात एक फिरते धर्मोपदेशक आमच्याकडे आले. अनवाणी, सज्जन, लांबून आलेले. त्यांनी शुक्रवारी गाणं ऐकलं, कडव्यामागची हकिकत विचारली, आणि ती ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ते वेंतुराला घेऊन तेदाल्दाच्या घरी गेले.

"बाई," ते म्हणाले, "ह्या कडव्यात एक गोंधळ आहे, तेवढा दूर करू. पापाच्या बाजूला पापी हवा आणि पुण्याच्या बाजूला पुण्यवान. हा पहारेकरी सज्जन होता, त्याने जीव दिला. मग त्याच्या हातात पेला कशाला? पहिली ओळ फिरवून टाका: 'पुलावरचा पहारेकरी, संयमावरती ज्याचा जीव.' उपदेश स्वच्छ होईल. आणि त्याच्या नावावरचा डागही जाईल."

"एक अक्षर हलवायचं नाही," तेदाल्दा म्हणाली.

"पण का?"

"कारण तो तसा नव्हता. प्यायचा. आणि डुकरांसाठी परत गेला. पुण्यवानांनाच पुलावर ठेवलं असतं, फादर, तर ती म्हातारी नदीत असती. पुण्यवान माणूस डुकरांसाठी परत जात नाही."

त्यांनी तिच्याशी वाद घातला नाही. चुलीपाशी घिसोला बसली होती. ती त्याची विधवा हे वेंतुराने त्यांना सांगितलं होतं. ते तिच्याकडे वळले. हिला तरी हे हवं असेल, असं त्यांना वाटलं, आणि नऊ वर्षं तिला दुसरं काही नकोच होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वेंतुराने वहीसुद्धा उघडली होती.

"तुम्ही सांगा, बाई. तुमचा शब्द मी शेवटचा धरीन."

घिसोलाने रोट उलटला. पिठाचे हात ओच्याला पुसले.

"चौदा वर्षं त्या माणसाच्या तोंडाचा वास घेत मी झोपलेय, फादर," ती म्हणाली. "बाकी सगळं नदीने नेलं. तुम्ही वास तरी नेऊ नका."

वेंतुराने वही मिटली.